भुरकुल्याचे सात पोळे

पहिल्या पोळ्याला ते चारोळीच्या बीएवढं होतं.
निमा सांगायची आणि मी लिहून घ्यायचो
दवाखान्याच्या जुन्या रजिस्टरात, मागच्या कोऱ्या पानांवर.
जात: भुरकुलं. रंग: विचारून सांगते.
मालक: कु. निमा गजानन ढोके, इयत्ता पहिली.
मुक्काम पराटीच्या रिकाम्या बोंडात.
खाणं दुपारची सावली, तीही कवठाखालचीच,
बोरीच्या सावलीनं त्याचं पोट दुखतं.

मी हिवऱ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात परिचर.
बैल आडवा पाडणं, लसीचा डबा बर्फात ठेवणं,
गाभण गाईच्या पोटाला हात लावून दिवस सांगणं.
इतकी जनावरं हाताखालून गेली,
गुडघ्यांना शिंगं फुटणारं हे पहिलंच.
"म्हणून त्याले बसता येत नाई, बाबा.
उभ्यानं झोपते, भिताडाले टेकून."
भिंतीचा पोपडा गेला होता बरोबर तेवढ्याच उंचीवर.
दिवाळीला मी तेवढा भाग रंगवला नाही.

खुरकुताची लस आली त्या वर्षी
तिनं त्याला रांगेत आणलं, लोखंड्यांच्या म्हशीमागं.
बोंदरे डॉक्टर घाईत होते, तरी वाकून म्हणाले,
"कुठी टोचू?"
"मानेत. पण मान शोधा लागते,
या महिन्यात थे शेपटीकडं गेली हाय."
डॉक्टरांनी शोधली. सुई रिकामी होती,
कानातला पिवळा बिल्ला मात्र खरा,
फ्रॉकला लावून ती घरी आली
आणि माझ्या हिशेबात एक बिल्ला कमी भरला.

तान्हा पोळा. देवळापुढं पोरांची रांग,
चाकांचे लाकडी बैल, आरशांच्या झुली, बेगडी शिंगं.
निमा मधोमध, हातात नुसतं दावं.
दावं ताणलेलं.
सरपंचीणबाई बोजारा वाटत आल्या,
सगळ्यांना दहा तसे तिलाही दहा,
मग थोडं थांबून वरून पाच,
"चारा महाग झाला, बाई."

पुढं ते आवाज खायला लागलं.
आधी चिल्लर: झाकणांचे, बांगड्यांचे.
मग जिनिंगचा भोंगा.
एकदा सकाळची एसटी आली नि गेली, कुणाला हॉर्नच ऐकू आला नाही.
निमा दिवसभर शरमून घरात बसली.

पाचव्या वर्षाचं पान कोरं आहे.
त्या वर्षी आम्ही मोठ्या दवाखान्यात होतो,
निमाची आई वरच्या मजल्यावर, आम्ही दोघं जिन्याखाली चटईवर.
परत आलो तेही दोघंच.

त्यानंतर ते उतरणीला लागलं.
भुरकुलं म्हातारं होतं म्हणजे लहान होतं,
बकरीएवढं, कोंबडीएवढं.
एका रात्री गुडघ्यांची शिंगं गळाली.
निमानं मला झोपेतून उठवलं, कंदील धरायला लावला.
"पाहा," म्हणाली, "बसलं."

सात पोळे. हे तिनंच ठरवलं होतं
पहिल्याच दिवशी, आयुष्याच्या रकान्यात.
सातव्याला सकाळी म्हणाली, "आज, दिवे लागल्यावर."
मी रजिस्टर काढलं.
म्हटलं, "पाचव्या सालाची नोंदच नाई इथं.
कागदानं पाहिलं त सहाच पोळे झाले त्याचे.
एक बाकी हाय अजून."
इतका सरकारी मी कधी झालो नव्हतो.
तिनं ते कोरं पान पाहिलं, उलटून पाहिलं.
"नाई, बाबा.
त्या सालीच त थे सगळ्यात जास्त वाढलं."

दिवे लागल्यावर तिनं बोंड मिटलं, मिटतं तेवढं,
आणि धुऱ्यावर ठेवून आली.
हात धुतले. गणिताचं पुस्तक उघडलं.

दावं मी गुंडाळून खुंटीला लावायला घेतलं
तेव्हा फास दिसला, केवढा रुंद,
म्हशीच्या मानेतही सैल पडावा असा.
तो तिनं कधी सोडला, कधी वाढवून बांधला,
कुठल्या रात्री, कुठल्या जिन्याखाली,
याची माझ्याकडे नोंद नाही.